मेणाच्या भिंती

जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. पण १९७४ नंतर ते कलेकडेच वळले. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात २०१३ साली त्यांनी एका चिमुकल्या खोलीच्या भिंती व छत मधमाश्यांच्या मेणाने मढविले. आत एकच दिवा, पिवळसर झळाळी आणि मंद सुगंध. नक्षीचा मागमूसही नाही.

घरी खडबडीत टेक्श्चर रंग लावण्यापूर्वी हे आठवावे. त्या खाचांत धूळ साचते, आणि दम्याच्या रुग्णाला धूळ सोसत नाही हे आपणांस काय सांगावे! त्यापेक्षा एका भिंतीवर चुन्याचा गिलावा गुळगुळीत घोटून, तो पुरता वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. ओलसर भिंत वर्ज्य. शेगडीमागची तर नकोच; हे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते. दिवा बाजूने लावावा, म्हणजे थापीचे पुसट फटकारेही उमटून दिसतात.