तळ वाचला, बाजार वाचला

ज्या गावाचे मोठे गिऱ्हाईक एकच, त्या गावाची झोप त्या गिऱ्हाइकाच्या हाती. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटीने हे २००५ साली अनुभवले. शेजारचा एल्सवर्थ हवाई तळ बंद करून तेथील बी-१ बॉम्बफेकी विमाने टेक्सासला न्यावीत, अशी शिफारस संरक्षण खात्याने १३ मे रोजी केली. तळ गेला की पगार गेला. पगार गेला की दुकानदार, घरमालक, गवंडी, सुतार सर्वांचीच रोजी गेली.

गावकरी गप्प बसले नाहीत. आयोगापुढे हिशेब मांडला गेला : माणसे दुसरीकडे हलविल्याने खर्च कमी होत नाही, फक्त पत्ता बदलतो. २६ ऑगस्टला आयोगाने ८ विरुद्ध १ मतांनी तळ कायम ठेवला आणि बाजाराने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतरही लोक स्वस्थ राहिले नाहीत. तळाभोवतालची जागा राखण्यासाठी राज्याने २००९ मध्ये खास प्राधिकरण नेमले. २०२१ मध्ये नव्या बी-२१ विमानांचा पहिला तळ म्हणून एल्सवर्थचीच निवड झाली.

आम्ही कापडवाले आणि एकाच पेढीला माल घालणारे आमचे कारागीर बांधव यांनी एवढेच ध्यानी घ्यावे : गिऱ्हाईक वाचले, त्याच दिवशी ते टिकविण्याचे काम पुन्हा सुरू होते.