जलवेष्टित तीर्थस्थाने

समुद्रातील बेट, नदीच्या पात्रातील खडक किंवा तळ्याच्या मध्यभागी उभारलेले देवालय अशा, पाण्याने वेढलेल्या आणि त्यामुळे नित्याच्या वस्तीपासून अलग पडलेल्या पूजास्थानांना जलवेष्टित तीर्थस्थाने म्हणता येईल. अशी स्थाने जगाच्या बहुतेक भागांत आढळतात. महाराष्ट्रात समुद्रकिनाऱ्यापासून दूर, अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यातही त्यांची दोन लक्षणीय उदाहरणे आहेत : बीड शहरातील कंकाळेश्वर आणि गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रातील पांचाळेश्वर. पहिले मानवनिर्मित जलाशयात असून दुसऱ्यास नदीच्या पुरामुळे बेटाचे रूप येते. दोन्ही ठिकाणी आजही पूजा-अर्चा चालते.

स्वरूप व प्रकार : ‘तीर्थ’ हा शब्द संस्कृतातील ‘तृ’ (तरणे, ओलांडणे) या धातूपासून आला असून नदी ओलांडण्याचा उतार असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे तीर्थाची कल्पनाच पाणी ओलांडण्याशी निगडित आहे. जलवेष्टित स्थानाच्या बाबतीत हे ओलांडणे प्रत्यक्ष घडते. पाणी ही देवस्थानाची सीमा ठरते. भिंतीप्रमाणे ते अडवते, पण दृष्टी मात्र रोखत नाही. पाण्यापाशी थांबावे लागल्याने यात्रेकरूच्या मनाची तयारी होते, हात-पाय धुणे व स्नान हे विधी आपोआप साधतात आणि बाजारपेठेचा कोलाहल मागे राहतो.

अशा स्थानांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : (१) नैसर्गिक बेटे. मध्य प्रदेशातील नर्मदेच्या पात्रातील मांधाता बेट हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यावर ओंकारेश्वर हे ज्योतिर्लिंग असून भाविक संपूर्ण बेटाची परिक्रमा करतात. (२) तळ्यात किंवा कुंडात मुद्दाम बांधलेली देवालये. (३) नदीपात्रातील वा काठालगतची अशी स्थाने, की जी उन्हाळ्यात पायी गाठता येतात व पावसाळ्यात पाण्याने वेढली जातात. मुंबईजवळील घारापुरी बेटावर सुमारे सहाव्या शतकातील भव्य शैव लेणी आहेत. १९८७ मध्ये त्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथे नित्यपूजेची परंपरा मात्र अखंड राहिलेली नाही. वास्तू टिकणे आणि परंपरा टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कंकाळेश्वर : बीड शहरातील हे शिवमंदिर चौरस आकाराच्या जलाशयाच्या मध्यभागी उभे आहे. काळ्या पाषाणातील या मंदिराची बांधणी उत्तर चालुक्य–यादव शैलीची असून त्याचा तलविन्यास तारकाकृती आहे. एकाच सभामंडपाला तीन गर्भगृहे जोडलेली आहेत. बाह्यभिंतींवर देवदेवता व सुरसुंदरी यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. तारकाकृती विन्यासामुळे भिंतींना अनेक कोन प्राप्त होतात व त्यांवर ऊन-सावलीचा खेळ दिवसभर बदलत राहतो. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान ७०० मिमी. हून कमी आहे. अशा प्रदेशात देवालयाभोवती पाणी राखणे हे केवळ शोभेचे काम नव्हते. पाण्याचा संचय हे पुण्यकर्म मानले जाई आणि देवाच्या नावाने राखलेल्या पाण्यास आपोआप संरक्षण मिळे. बीडजवळच निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर प्रसिद्ध असून तिचे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शेतीस पुरविले जाई. धर्म व राजवट भिन्न असल्या, तरी या दोन्ही वास्तूंमागील जलविषयक दृष्टी एकाच भूमीतील गरजेतून आलेली दिसते.

पांचाळेश्वर : गोदावरी नदी बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखते. तिच्या पात्रात वसलेले पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे एक प्रमुख तीर्थस्थान असून ते ‘आत्मतीर्थ’ या नावानेही ओळखले जाते. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात प्रवर्तित केलेल्या या पंथात श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू व चक्रधर या पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणतात. त्यांपैकी दत्तात्रेय हे चिरंतन अवतार मानले असून पंथीयांच्या दृष्टीने ते एकमुखी आहेत. त्यांचा नित्यक्रम अद्यापि चालू आहे, अशी श्रद्धा आहे : कोल्हापूर येथे भिक्षा, पांचाळेश्वर येथे भोजन व माहूर येथे निद्रा. या श्रद्धेमुळे पांचाळेश्वर हे स्थान भूतकाळातील घटनेचे स्मारक न राहता रोज घडणाऱ्या घटनेचे स्थळ ठरते. येथे अर्पण केल्या जाणाऱ्या उपहारास (नैवेद्यास) विशेष महत्त्व आहे ते यामुळेच. ज्या घरी जेवणारा येणार आहे, त्या घरी स्वयंपाक चुकवून चालत नाही, असाच हा भाव आहे.

महानुभाव उपासनेत मूर्तीपेक्षा ‘स्थाना’ला अधिक महत्त्व आहे. अवतारांनी जेथे वास्तव्य केले, आसन घेतले किंवा भोजन केले, अशा जागा ओट्यांच्या रूपाने जतन केलेल्या असून त्यांस मस्तक लावून वंदन करतात. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या भ्रमंतीतील गावे व देवळे यांचे उल्लेख विपुल आहेत. पुढे स्थानपोथी या ग्रंथात अशा स्थानांची नोंदच करण्यात आली. जागेची ही काटेकोर आठवण हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय.

नदी, पूर व धरण : पांचाळेश्वराच्या परिसरातच गोदाकाठी राक्षसभुवन हे शनिमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे झालेल्या लढाईत थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजाम फौजेच्या एका भागासह नदी उतरून गेला होता व दिवाण विठ्ठल सुंदर यांच्या हाताखालील उरलेली फौज दक्षिण तीरावर राहिली होती. पावसाळ्यातील गोदावरी मध्ये असल्याने तिला मदत पोहोचू शकली नाही. नदी माणसांना कशी विभागते, याचे हे ऐतिहासिक उदाहरण आहे.

पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, त्यानंतर खालच्या बाजूच्या पात्राचा स्वभाव बदलला. पूर्वी पाण्याचे चढ-उतार पावसावर अवलंबून होते. आता ते बऱ्याच अंशी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून आहेत. धरणात येणारे बहुतांश पाणी नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील असते. त्यामुळे बीडमध्ये आकाश निरभ्र असतानाही पात्रातील पाणी झपाट्याने वाढू शकते. ऑगस्ट २००६ व सप्टेंबर २०२५ मधील महापुरांत गोदाकाठच्या गावांची मोठी हानी झाली. अशा वेळी पात्रातील व काठावरील देवालये पाण्याने वेढली जातात किंवा पाण्याखाली जातात. याउलट पर्जन्य कमी झालेल्या वर्षी पात्र कोरडे पडते. एकच स्थान कधी बेट, तर कधी केवळ वाळवंटातील खडक ठरते.

तौलनिक उदाहरण : जपानच्या ओकिनावा प्रांतातील कुदाका बेट हे उपोष्ण कटिबंधातील जिवंत परंपरेचे, शांत व लहान बेट म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. त्याचा परीघ सु. ८ किमी. आहे. रिऊक्यू राज्याच्या काळात ते अत्यंत पवित्र मानले जाई. तेथील उपासना मंदिरात न होता ‘उताकी’ या वृक्षाच्छादित जागांत होते आणि तिचे पौरोहित्य स्त्रियांकडे असते. फूबो उताकी या प्रमुख वनस्थानात पूर्वी पुरुषांना प्रवेश नव्हता. आता तो सर्वांनाच बंद आहे. दर बारा वर्षांनी होणाऱ्या ‘इझाइहो’ या विधीत बेटावर जन्मलेल्या तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना उपासिकापद मिळे. हा विधी १९७८ मध्ये शेवटचा झाला. १९९० मध्ये पात्र स्त्रिया पुरेशा संख्येने नसल्याने तो झाला नाही व पुढेही झालेला नाही. बेट, वृक्ष व वाटा सर्व जागच्या जागी असताना केवळ माणसे दूर गेल्याने विधी खंडित झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्त्रियांच्या स्थानाच्या बाबतीत येथे महानुभाव परंपरेची आठवण होते. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासमार्ग खुला केला आणि त्यांच्या शिष्यपरिवारातील महदाइसा ही मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. कुदाका येथे पौरोहित्याचा अधिकार स्त्रियांपुरता राखीव होता, तर महानुभावांनी साधनेचा अधिकार स्त्री-पुरुष दोघांनाही दिला, हा फरक ध्यानात ठेवावयास हवा.

परंपरेचे सातत्य : बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली ही कुटुंबे गाळपहंगाम आटोपल्यावरच परततात. महाशिवरात्रीसह हिवाळ्यातील व उन्हाळ्याच्या आरंभीचे अनेक उत्सव या काळात येतात. ज्यांच्या घराण्यांत दिवा लावणे, वाद्य वाजविणे, पालखीला खांदा देणे अशी परंपरागत कामे आहेत, त्यांपैकी कोणी त्या दिवशी गावात नसेल, तर ते काम दुसऱ्याने करावे लागते किंवा राहून जाते. विधी पोथीवरून शिकता येतो. कोणत्या पायरीवर थांबावे, कोणास आधी हाक द्यावी, पाणी कोठपर्यंत चढले की मागे फिरावे, हे मात्र शेजारी उभे राहूनच कळते. ही माहिती सांगणारा व ऐकणारा एकाच वेळी गावात असणे आवश्यक असते. महानुभाव पंथासारख्या ग्रंथनिष्ठ व यात्रानिष्ठ परंपरेस या बाबतीत आधार आहे, कारण तिचे अनुयायी महाराष्ट्राबाहेर पंजाबापर्यंत पसरलेले असून ते स्थानवंदनासाठी येत असतात. ज्या ग्रामदैवतांची नोंद कोठेही नाही, त्यांची स्थिती अधिक नाजूक आहे.

यात्रेकरूंचे वर्तन : अशा स्थानास भेट देणाऱ्याने काही पथ्ये पाळणे इष्ट असते. पात्रात उतरण्यापूर्वी पाण्याची स्थिती स्थानिक लोकांकडून जाणून घ्यावी. वरील धरणातून विसर्ग सुरू असल्यास दर्शन काठावरूनच घ्यावे. महानुभाव स्थानी मद्य-मांस सर्वथा वर्ज्य असून ओट्यावर पाय ठेवणे किंवा बसणे अनुचित मानले जाते. उपहार चालू असता मधून जाऊ नये व छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती घ्यावी. निर्माल्य, अन्न व प्लॅस्टिक पाण्यात टाकू नये, कारण साठलेल्या पाण्यास वाहून जाण्याची सोय नसते व वाहत्या पाण्यावर पुढील गावांची तहान अवलंबून असते. श्रद्धा नसलेल्या अभ्यासकासही हे नियम लागू पडतात. कारण तो एखादे संग्रहालय पाहण्यास नव्हे, तर दुसऱ्याच्या भोजनस्थानी पाहुणा म्हणून आलेला असतो.

जलवेष्टित स्थानांचे रक्षण केवळ शिळांच्या डागडुजीने होत नाही. भोवतीचे पाणी, त्याचा योग्य वेळी होणारा चढ-उतार आणि ते ओलांडून नित्य येणारी माणसे या तिन्हींवर त्यांचे अस्तित्व अवलंबून आहे.