विषाला धातूची वेसण

सायनाइड माणसाला मारतं ते धातूच्या ओढीपायी! आपल्या पेशींत प्राणवायू वापरणारं एक विकर असतं. सायनाइड त्यातल्या लोखंडाला जाऊन चिकटतं आणि पेशींचा श्वास कोंडतो. पण हेच सायनाइड आधीच एखाद्या धातूने घट्ट धरून ठेवलं असेल, तर ते दुसऱ्याला धरायला मोकळंच राहत नाही. मग ते चक्क उपयोगी पडतं.

पहिला पुरावा तीनशे वर्षांपूर्वीचा. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग बनवत होता. त्याच्याकडचा क्षार भेसळीचा निघाला आणि भांड्यात उतरला गर्द निळा रंग. हाच तो प्रशियन ब्लू, म्हणजे लोखंड आणि सायनाइडची जाळी. जपानच्या होकुसाईने आपल्या जगप्रसिद्ध लाटेच्या चित्रात तो वापरला. आणखी गंमत पाहा. स्वीडनच्या शीलेने १७८२ मध्ये सायनाइडचं आम्ल वेगळं केलं, ते याच निळ्यातून. म्हणजे रसायनशास्त्राच्या हाती आधी रंग आला, मग विष!

हा रंग औषधही आहे. ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७ मध्ये भंगारात गेलेल्या वैद्यकीय यंत्रातलं किरणोत्सारी सीझियम लोकांच्या हाती लागलं. ज्यांच्या पोटात ते गेलं, त्यांना प्रशियन ब्लू खायला दिलं. त्याच्या जाळीत सीझियम अडकतं आणि शौचावाटे बाहेर पडतं.

आपल्याकडे अनेक शाकाहारी घरांत असलेली बी-१२ ची गोळी आठवा. तिच्यावर बहुतेकदा ‘सायनोकोबालामिन’ लिहिलेलं असतं, म्हणजे कोबाल्टला बांधलेलं सायनाइड. याच जीवनसत्त्वाचं सायनाइड नसलेलं भावंड, हायड्रॉक्सोकोबालामिन, सायनाइडच्या विषबाधेवर टोचतात. ते रक्तातलं सायनाइड पकडतं आणि स्वतःच सायनोकोबालामिन होऊन लघवीवाटे निघून जातं. विषाचं जीवनसत्त्व करणारा हा उतारा मला तरी साऱ्या औषधशास्त्रात सर्वांत देखणा वाटतो.

मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून लोहाच्या सायनाइडचा क्षार घालतात, तोही याच कुळातला. आपल्या नियमांत त्याची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम.

आता उत्प्रेरकांकडे वळू. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ. जस्त आणि कोबाल्टच्या सायनाइडची ही शक्ती अमेरिकेत १९६० च्या दशकात सापडली. गाद्या-सोफ्यांच्या फोमचा कच्चा माल आज त्याच्या मदतीने बनतो. तो इतका जोरकस की चिमूटभर पुरतो आणि मालातून काढायचीही गरज पडत नाही. निसर्गाने तर हा डाव कधीच टाकलाय. काही जिवाणूंमधल्या हायड्रोजन हाताळणाऱ्या विकरांत लोखंडाला सायनाइड जोडलेलं असतं.

रुरकीच्या आयआयटीत प्रा. कमालुद्दीन आणि सहकाऱ्यांनी याहून मागचा प्रश्न हाती घेतला. पृथ्वीवर जीव नव्हता तेव्हा जीवनाचे घटक कसे जुळले असतील? धातूंच्या सायनाइडांवर अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या जुळतात आणि फॉर्मामाइड या साध्या रसायनापासून आरएनएची अक्षरंही तयार होतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. डेंगी, गोवर, पोलिओ, कोरोना हे सगळे विषाणू आपला मजकूर आरएनएच्याच अक्षरांत लिहितात.

पण धातूंच्या सायनाइडांची विषाणूंशी खरी गाठ पडते ती रोगाच्या चाचणीत. एलायझा चाचणीत रंग उमटवण्याचं काम बहुतेकदा हॉर्सरॅडिश या मोहरीच्या कुळातल्या मुळातून काढलेलं पेरॉक्सिडेझ नावाचं विकर करतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे डेंगीचे संच देशभर जातात, तेही एलायझाचेच. पण विकर नाजूक असतं, त्याला थंडावा लागतो. मॉस्कोच्या आर्काडी कार्याकिन यांनी प्रशियन ब्लूला ‘कृत्रिम पेरॉक्सिडेझ’ म्हटलं, कारण हायड्रोजन पेरॉक्साइडवर ते या विकरासारखंच काम करतं. त्याचे अतिसूक्ष्म कण विकराच्या जागी वापरून चाचण्या करण्याचे प्रयोग झाले आहेत. तीव्र अल्कली त्याला सोसत नाही, हा त्याचा दोष. तरी शीतपेटीवाचून आडगावच्या आरोग्यकेंद्रात टिकणारी चाचणी मिळणार असेल, तर या संशोधनावर पैसा खर्च व्हायलाच हवा.

कारण साथीत वेळ फार मोलाचा असतो. डेंगीच्या रुग्णाला ताप चढण्याच्या दोन दिवस आधीपासूनच त्याच्याकडून डासाला विषाणू मिळू शकतो. म्हणून पावसाळ्यात ताप आला तर वाट पाहू नका. पहिल्या पाच दिवसांत डॉक्टरांना एनएस-१ चाचणीबद्दल विचारा, त्यानंतर आयजीएमबद्दल. आणि रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो.