रिबन मायक्रोफोन : वाद्यवृंद आणि वाणी

1952 साली दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. अशा वृंदात सतारीचा मृदू नाद व तबल्याचा आघात एकत्र मुद्रित करावयाचा, तर रिबन मायक्रोफोन विशेष उपयोगी पडतो. त्यात चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची अतिशय पातळ फीत टांगलेली असते. समोरचा व पाठीमागचा नाद ती सारखाच टिपते; बाजूंच्या नादास मात्र जवळजवळ बहिरी असते. म्हणून तबलावादक बाजूस बसविला, की सतार झाकोळत नाही. (पाठीमागच्या भिंतीचा प्रतिध्वनीही तीत उतरतो, हे विसरता कामा नये.) बोलीच्या अभ्यासकास मात्र हे यंत्र जपून वापरावे लागते. ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राणांचा श्वासझोत जवळून बसल्यास फीत ताणली जाते. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत उघड्या अंगणातील वाराही तिला सोसत नाही; तेथे साधा डायनॅमिक मायक्रोफोनच बरा.