खोकला अंगावर काढू नका

"ताई, म्या जल्मात बिडीला हात लावला नाही. मग ह्ये मलाच का?"

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलबाहेर काकूंनी मला विचारलं. काय सांगणार?

आमच्या बचत गटातल्या या काकू बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. वय पन्नाशीचं. सगळं आयुष्य चुलीपुढं गेलेलं. खोकला सुरू झाला तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांनी थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या दिल्या. चार महिने त्यातच गेले. मग स्कॅन झाला, सुईनं तुकडा काढला आणि कळलं, फुप्फुसाचा कॅन्सर! तोही पसरलेला.

त्यानंतर मी या विषयावर वाचत गेले. गाजर गवत उपटलं तरी बी मातीत राहतंच ना? कॅन्सरचंही तसंच. गाठीतून सुटलेल्या पेशी लसिकाग्रंथींत, रक्तात शिरतात. त्या इतक्या थोड्या असतात, की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ आता रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधतात. ऑपरेशननंतरही ते सापडले, तर आजार उलटण्याचा धोका जास्त. पण सापडले नाहीत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. स्कॅन करावाच लागतो.

दुसरी एक खूण मात्र आज रोजच्या उपचारात कामी येते. ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या आशियाई स्त्रियांत तो जास्त आढळतो. काढलेल्या तुकड्यातच तो तपासतात. तो असेल तर त्यावर गोळ्या आहेत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं आजार पसरलेल्या अशा ३५० रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर १६ महिने. त्रास मात्र वाढला.

काकूंच्या तुकड्यात तो बदल सापडला. गोळ्या सुरू आहेत. पण ते चार महिने वाया गेले नसते तर... हा विचार मला झोपू देत नाही.

मैत्रिणींनो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. टीबी निघाला नाही आणि खोकलाही थांबला नाही, तर एक्स-रे, स्कॅनचा आग्रह धरा. कॅन्सर निघालाच तर "जनुकाची तपासणी केली का?" असं न लाजता विचारा.

परवा गटाच्या बैठकीत काकूच सगळ्यांना सांगत होत्या, "घरच्यांचं करता करता सोताचा खोकला इसरू नगा गं!"