दिवाळखोरी : ऐकीव गोष्टी आणि कायद्यातली वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हजारो घरांचा महिना ठरलेला असतो. गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी, किराणा, लोकलचा पास. यातलं काहीच पुढे ढकलता येत नाही. नोकरी गेली, दुकान बसलं किंवा घरात मोठं आजारपण आलं, की आधी क्रेडिट कार्ड घासलं जातं, मग वैयक्तिक कर्ज, मग मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, शेवटी ओळखीतून सावकार. हप्ते थकू लागले की सल्ले सुरू होतात, आणि ते बहुधा अशा माणसांकडून येतात ज्यांनी कायदा वाचलेला नसतो. या सल्ल्यांवर विसंबून केलेल्या सह्या मूळ कर्जापेक्षा जास्त नुकसान करतात. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज : 2016 चा नवा कायदा आलाय. त्यात अर्ज केला की सामान्य माणसालाही दिवाळखोरी मिळते.

वस्तुस्थिती : नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 साली झाली, पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवणाऱ्या ज्या उद्योजकाने बँकेला स्वतःची हमी लिहून दिली आहे, त्याला हा कायदा लागतो. त्याच्याविरुद्ध बँकही राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. नोकरदार, रिक्षाचालक, छोटा दुकानदार यांच्यासाठी मात्र अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे आहेत. मुंबई शहरासाठी 1909 चा कायदा असून त्याची प्रकरणं उच्च न्यायालयात चालतात. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाणे जिल्ह्यात आलं की प्रांतिक नादारी कायदा, 1920 लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा सरकारने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात करावा लागतो. नव्या संहितेतल्या ज्या ‘नव्या सुरुवाती’ची चर्चा होते, ती वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत उत्पन्न, 20,000 रुपयांपर्यंत मालमत्ता आणि 35,000 रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या, स्वतःच्या मालकीचं घर नसलेल्या माणसासाठी आहे. तीही सामान्य कर्जदारांसाठी अजून सुरू झालेली नाही.

गैरसमज : न्यायालयाने नादार ठरवलं की पाटी कोरी.

वस्तुस्थिती : नादार ठरणं ही सुरुवात आहे, सुटका शेवटी. न्यायालयाने नादार जाहीर केल्यावर तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विनातारण देणेकऱ्यांना तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही, हा खरा दिलासा. पण सुटकेसाठी न्यायालयाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो. रुपयामागे आठ आणेही वसूल होण्याइतकी मालमत्ता नसेल, तर ही वेळ आपल्या दोषामुळे आली नाही हे पटवून द्यावं लागतं. नाहीतर पूर्ण सुटका मिळत नाही. सुटकेपर्यंत गावच्या जमिनीत किंवा आईवडिलांच्या घरात वारसाहक्काने वाटा आला, तर तोही रिसीव्हरकडे जातो. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी यांतून सुटका झाल्यावरही मोकळीक नाही. जामीनदारही सुटत नाही. सुटका होण्याआधी आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपये जरी उधार घेतले, तरी तो गुन्हा ठरतो. तोवर कंपनीचं संचालक होता येत नाही, आमदार-खासदारही होता येत नाही. सरकारी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी तर आपले वर्तणूक नियम आधी वाचावेत. नादारीची वेळ आली तर ते खात्याला कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

गैरसमज : नादारीचा अर्ज केला की राहतं घर वाचतं.

वस्तुस्थिती : घर गृहकर्जाला तारण असेल तर वाचत नाही. तारणावरचा बँकेचा हक्क नादारीनेही हलत नाही. बँकेचा मार्ग वेगळा आहे, सरफेसी कायदा, 2002. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत वर्गात जातं. मग कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस येते. हे पाकीट हातात पडलं की त्यावरची तारीख लिहून ठेवा. या 60 दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. नंतर ताब्याची नोटीस लागली, तर 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच असतो. लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेली तुमची, कमी आली तर फरक तुमच्याच डोक्यावर. म्हणून दोन हप्ते चुकण्याची वाट न पाहता बँकेत जाऊन मुदत वाढवून मागणं किंवा घर स्वतः योग्य भावात विकणं, हे लिलावापेक्षा केव्हाही फायद्याचं.

गैरसमज : फ्लॅट बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर केला की कोणी हात लावू शकत नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे. त्यामुळे हा सल्ला सर्रास दिला जातो. पण नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं. नादारीचा प्रश्न नसतानाही, देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेला व्यवहार मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली रद्द होऊ शकतो. एखाद्याच नातेवाइकाचे उसने पैसे घाईने फेडले आणि बाकीच्यांना कोरडं ठेवलं, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतला असा व्यवहारही तपासला जातो. शिवाय अशा बक्षीसपत्रामुळे तुमचा हेतू खोटा दिसतो आणि सुटका मिळणं अवघड होतं. याउलट विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, 1874 खाली पत्नी-मुलांसाठी वेळीच काढलेला आयुर्विमा पतीच्या देणेकऱ्यांपासून सुरक्षित राहतो.

गैरसमज : जप्ती आली की पगार, भांडीकुंडी, मंगळसूत्र, सगळं जातं.

वस्तुस्थिती : दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 प्रत्येक घराने माहीत करून घ्यावं असं आहे. घरातले आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे 45,000 रुपये पगार असेल तर जास्तीत जास्त 14,666 रुपये जप्त होतील आणि 30,334 रुपये घरी येतील. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशेब लागू नाही. घराचं अंदाजपत्रक मांडताना हा आकडा कागदावर लिहा, म्हणजे घर किती पैशांत चालवायचं ते कळेल आणि भीतीपोटी नवं कर्ज काढण्याची वेळ येणार नाही.

गैरसमज : कर्ज थकलं की पोलीस पकडून नेतात.

वस्तुस्थिती : कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही. ऐपत असूनही लबाडीने पैसे दडवले असतील तरच दिवाणी कैदेचा विचार होतो. केवळ गरिबीपोटी कैद नको, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात 1980 सालीच सांगितलं आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. चेक न वटणं मात्र वेगळं. चेकविषयक कायद्याच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी तशीच तरतूद आहे. चेक किंवा हप्ता परत गेल्याची नोटीस आली की 15 दिवसांच्या आत हालचाल करा. वसुली एजंटांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शेजाऱ्यांसमोर बदनामी किंवा धमकी झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक 14448.

गैरसमज : नवऱ्याचं कर्ज बायकोने आणि बापाचं कर्ज मुलाने फेडलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : लग्नामुळे किंवा नात्यामुळे कर्ज अंगावर येत नाही, सहीमुळे येतं. पत्नी सहकर्जदार असेल किंवा पतसंस्थेच्या कर्जाला भाऊ, मेहुणा, ऑफिसातला सहकारी जामीनदार असेल, तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराकडेही वसुली मागता येते. सही नसेल तर वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं. मुंबई इलाख्यात हिंदू वारसांना हे संरक्षण 1866 च्या कायद्यानेच मिळालं होतं. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर केवळ मुलाचा धर्म म्हणून बापाचं नवं कर्ज मुलाकडून वसूल करता येत नाही.

गैरसमज : ‘कर्जमुक्ती’वाल्या एजन्सीला पैसे द्या, हप्ते थांबवा, सगळं सेटल होईल.

वस्तुस्थिती : फी आधी घेऊन हप्ते बंद करायला सांगणाऱ्यांपासून दूर राहा. तडजोड तुम्ही स्वतः थेट बँकेशी लेखी करू शकता. कर्ज सेटल केलं की क्रेडिट अहवालात ते पूर्ण फेडलेल्या कर्जासारखं दिसत नाही. तडजोडीनंतर त्या संस्थेकडून किमान 12 महिने नवं कर्ज मिळत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. सिबिलसह चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आधी मागवा. सावकाराचं कर्ज असेल तर त्याचा परवाना पाहा. विनापरवाना सावकारी 2014 च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा आहे आणि तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते.

गैरसमज : वकिलाचा सल्ला आपल्याला परवडत नाही.

वस्तुस्थिती : ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि कल्याणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100. दावा लागण्याआधीच बँकेचं प्रकरण लोकअदालतीत ठेवून तडजोड करता येते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

सल्ल्याला जाताना सर्व कर्जांची यादी, करारपत्रं, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, आलेल्या नोटिसा पाकिटांसकट आणि क्रेडिट अहवाल सोबत न्या. ॲपचं कर्ज आणि नातेवाइकांचे उसने पैसेही लपवू नका. अपुऱ्या माहितीवर मिळालेला सल्ला अपुराच राहतो. तोवर घर, अन्न, औषधं, वीजबिल आणि फी यांचे पैसे बाजूला ठेवा, तारण कर्जाला त्यानंतरचा क्रम द्या आणि कार्डावर नवी खरेदी थांबवा. शक्य असेल तर जोडीदाराला सोबत घेऊन जा, कारण निर्णय दोघांच्या घराचा आहे.

बहुतेक घरांना नादारीच्या अर्जाची गरजच पडत नाही. मुदतवाढ, लेखी तडजोड किंवा वेळेवर केलेली विक्री यांतून मार्ग निघतो, पण पहिला हप्ता चुकण्याच्या बेतात असतानाच विचारलं तर. सल्ला आधी, सही नंतर, एवढा नियम घरात सगळ्यांनी पाळा.