बुद्धवंदनेला सूर देणारे मास्टर कृष्णराव

मार्केट यार्डाच्या आसपासच्या आमच्या वस्त्यांचे घड्याळ बाकीच्या पुण्याहून वेगळे चालते. भाजीच्या गाड्या रात्रीच येऊन लागतात. पहाट व्हायच्या आत हमाल, तोलणार, पालेभाजी निवडणाऱ्या बाया यार्डात पोचलेल्या असतात. त्यामुळे सगळे घर एकत्र सापडते ते दिवेलागणीला आणि त्याच वेळी विहारात वंदना होते. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस हातपाय धुऊन येतो, मांडी घालून बसतो आणि शाळेत कधी न शिकलेल्या पाली भाषेतली वंदना सुरात म्हणतो. नव्या माणसाला याचे नवल वाटेल. आपल्याला वाटत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

पण या वंदनेला पहिल्यांदा संगीत कोणी दिले, असे विचारून पाहावे. बहुतेक जण गप्प बसतात. काही जण कॅसेटवर ऐकलेल्या एखाद्या गायकाचे नाव सांगतात. म्हणून हा लेख.

ते नाव आहे मास्टर कृष्णराव. कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर. 1956 साली परमपूज्य बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली आणि तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. ते वर्ष कोणते होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. प्रकृती ढासळलेली, कामांचा डोंगर उभा, आणि त्यातही त्यांनी 'बौद्ध पूजा पाठ' ही पुस्तिका तयार केली, वंदनेला संगीत कोणी द्यावे याचाही विचार केला. आमच्या मते ही गोष्ट लहान नाही. लाखो माणसे जुने देव, जुनी भजने, जुने जागरण सोडून येणार होती. त्यांच्या संध्याकाळी रिकाम्या राहू नयेत, तोंडी काहीतरी असावे, आणि ते सगळ्यांना एकत्र म्हणता यावे, ही निकड त्यांना दिसत होती.

त्यासाठी निवडलेला माणूस कोण होता?

कृष्णरावांचा जन्म 1898 साली देवाच्या आळंदीला झाला. लहान वयातच नाटक कंपनीत गाणारा मुलगा म्हणून ते शिरले, आणि मग भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू मिळाला. भास्करबुवा 1922 साली वारले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना चाली देण्याचे काम कृष्णरावांकडे आले. 1931 सालचे 'कान्होपात्रा' त्यांतलेच. नंतर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत त्यांनी 'धर्मात्मा', 'अमरज्योती', 'माणूस', 'शेजारी' अशा चित्रपटांना संगीत दिले. मैफलीचे गवई म्हणून नाव होते ते वेगळेच.

यांतल्या 'धर्मात्मा'बद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. 1935 सालचा हा चित्रपट संत एकनाथांवर होता, बालगंधर्वांनी एकनाथाचे काम केले होते, आणि अस्पृश्यतेचा प्रश्न हाच त्याचा गाभा होता. एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात, म्हणून ब्राह्मण खवळतात. त्याच 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. एकीकडे पडद्यावर संताची दया आणि दुसरीकडे माणसाचा हक्क. आपण कोणत्या बाजूला होतो हे इतिहासाने दाखवले आहे. तरीही त्या पडद्यामागे सूर लावणारा माणूस एकवीस वर्षांनी आपल्या वंदनेपाशी आला, ही आम्हाला नोंदवावीशी वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'वंदे मातरम्' सर्वांना एका आवाजात म्हणता यावे, बँडवर वाजावे, म्हणून कृष्णरावांनी ते झिंझोटी रागात बांधले. त्यासाठी ते दिल्लीपर्यंत गेले, घटना समितीच्या सभासदांना ते ऐकवले. 24 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रगीत म्हणून 'जन गण मन' ठरले. मनासारखे झाले नाही. पण ज्या गवयाने एकट्याच्या गळ्याची करामत बाजूला ठेवून हजारो न शिकलेल्या गळ्यांचा विचार इतकी वर्षे केला, तोच वंदनेच्या कामाला योग्य होता. वंदना म्हणताना तान घ्यावी लागत नाही, हे म्हाताऱ्या आजीला आणि पहिलीतल्या पोराला किती सोयीचे आहे! ही सोय आपोआप होत नाही, ती कोणीतरी विचार करून ठेवावी लागते.

आमचे काही तरुण कार्यकर्ते विचारतात, ब्राह्मण गवयाचे कौतुक आपल्या पत्रात कशाला? प्रश्न रास्त आहे. कृष्णराव चळवळीतले नव्हते आणि आम्ही त्यांना चळवळीचे करू पाहत नाही. आपले वामनदादा कर्डक, आपले शाहीर, आपले गायनपार्टीवाले यांची जागा कोणी घेऊ शकत नाही. पण बाबासाहेबांनी कामाला माणूस निवडताना त्या कामाची जाण पाहिली. आपणही निदान ज्याचे श्रेय त्याला द्यायला शिकावे.

शिक्षक म्हणूनही ते मोठे होते. भास्करबुवांनी 1911 साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत गायन समाजाची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. राम मराठे त्यांच्याकडे शिकले. 'रागसंग्रह' या नावाने त्यांनी सात भागांत बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून उस्ताद लोक ती कशी जपत, याच्या कथा प्रसिद्ध आहेत. विद्या कोंडून ठेवल्याने काय होते, हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. म्हणून पुस्तकात छापून ठेवलेली बंदिश आम्हाला पद्मभूषणापेक्षा मोठी वाटते. तो किताब त्यांना 1971 साली मिळाला. 1974 साली पुण्यातच ते गेले.

गायन समाज पेठेत आहे, मार्केट यार्डापासून स्वारगेट ओलांडले की फार लांब नाही. पण आमच्या वस्तीतून पेटी-तबला शिकायला जाणारी पोरे बोटांवर मोजण्याइतकी. कारण नुसते फीचे नाही. 'ते आपले नाही' ही भीती घरातच असते. आम्ही हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढलेले लोक, म्हणून स्पष्ट सांगतो: जयंतीच्या एका रात्रीच्या साउंडचा खर्च मांडून पाहा, आणि त्यात वस्तीतली किती मुले वर्षभर गाणे शिकतील याचा भागाकार करा. जयंती थाटात व्हावी, त्याला आमचा विरोध नाही. पण हल्ली वंदनेमागेही की-बोर्डचा ठेका लावतात. त्या गोंगाटात म्हातारी माणसे मागे पडतात, पोरे शब्द गिळतात. वंदना ही सगळ्यांनी म्हणायची असते, एकाने माइकवर म्हणून बाकीच्यांनी ऐकायची नसते.

आपल्या कुणाच्या घरी, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, बुद्धवंदनेची जुनी तबकडी पडली असेल तर ती भंगारात घालू नये. विहारात आणून द्यावी. वाजवायचे यंत्र आम्ही मिळवू, आणि एका पौर्णिमेला सगळ्यांनी बसून ती ऐकू. मुलांना पुढच्या रांगेत बसवावे.